फाटा ते वाडी

पुणे-बंगळूर महामार्गावर कराड मागं टाकलं की दर दोन-चार किलोमीटरला एक फाटा लागतो. यस्टी थांबते, चार माणसं उतरतात, गाडी निघून जाते. गाव आत, दीड-दोन किलोमीटरवर. मधे अरुंद डांबरी वाट, दोन्ही बाजूंना ऊस, फाट्यावर एक टपरी. संध्याकाळच्या गाडीनं कॉलेजातून परतलेली मुलगी या वाटेला लागते आणि थोड्या वेळानं तिच्या मागं एक मोटारसायकल येते. हळू येते. पुढं निघून जात नाही.

एवढ्यावर भयपटाचा पहिला प्रसंग पुरा झाला. भूत अजून यायचंय.

रस्त्यावरची छेडछाड आणि भुतानं घेतलेला सूड, हा विषय लघुपट करू पाहणाऱ्या मुलामुलींच्या वहीत हमखास सापडतो. तो फसतोही एकाच पद्धतीनं. पांढरी साडी, मोकळे केस, पैंजणांची छुमछुम, एक किंकाळी, तीन पोरं मेली, समाप्त. बघणारा घाबरत नाही, कारण त्याला पहिल्या मिनिटालाच कळलेलं असतं की हे दुसऱ्या कुणाचं तरी चाललंय. असा चित्रपट आतून कसा चालतो, कुठला दाता कुठं अडकतो, ते जरा सावकाश उघडून बघू. समजा, आठ मिनिटांचा लघुपट आहे. एक मुलगी, एक मुलगा, एक गाडी, आणि हाताशी बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा मोबाईल. जागा सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यातली, वर सांगितलेली.

आधी भूत निवडायचं. इथं मराठी माणसाला परदेशातून काही मागवावं लागत नाही. आपल्याकडं भुतांची वर्गवारी सरकारी खात्यासारखी चोख आहे. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा, राहायला पिंपळ. गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेलेली ती अळवंतीण. सवाष्णपणी गेलेली जखीण. शिवाय हडळ, खवीस, समंध, झोटिंग, वेताळ. इंग्रज अधिकारी एंथोवेन यांनी मुंबई इलाख्याच्या लोकसमजुतींवर १९२४ साली पुस्तक छापलं, त्यात यांतली बरीच मंडळी हजर आहेत. यादी नीट वाचली की एक गोष्ट लक्षात येते. बाईचं भूत होतं ते बहुतेक घरात मेलेल्या बाईचं, आणि तिचं भांडणही घराशीच असतं : नवऱ्याशी, मागून आलेल्या सवतीशी, पाळण्यातल्या पोराशी. रस्त्यावर छेड काढणाऱ्याला धडा शिकवणं हे काम परंपरेनं यांच्यापैकी कुणाकडं सोपवलेलंच नाही. साहजिक आहे. बाईनं एकटीनं रोज रस्त्यावरून जावं, हीच गोष्ट या भुतांपेक्षा कितीतरी नवी.

म्हणून नव्या कामासाठी भूत जरा विचार करून घ्यावं लागतं. आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’त (२०२४) तर उलटंच होतं. तिथं भूतच मुलीच्या मागं लागतं, नको म्हटलं तरी सोडत नाही. मागं लागणाऱ्याला भुताचं रूप देणं ही अचूक नेमणूक होती. आपल्या लघुपटाला मात्र मी वेगळा उमेदवार सुचवीन : चकवा.

चकव्याला रूप नाही, नखं नाहीत, उलटे पाय नाहीत. तो फक्त वाट चुकवतो. माणूस रात्रभर चालतो आणि उजाडल्यावर बघतो तर त्याच बांधावर उभा. जुनी माणसं सांगतात, चकवा लागला की हलायचं नाही, उजाडेपर्यंत जागेवर बसून राहायचं. लघुपटवाल्याला हे भूत परवडतं, मेकअपचा खर्च नाही. पण खरी सोय दुसरी आहे. आपल्या मुलाला शिक्षा काय व्हायला हवी? तिची वाट त्याच्या पायाखाली यायला हवी. चकवा नेमकं तेवढंच करतो. फाट्यावरून निघालेला मुलगा वाडीला पोचतच नाही.

आता पटकथा. प्रेक्षक पहिला प्रश्न विचारणार : ती पोलिसांत का गेली नाही? याला बगल देऊन चालत नाही, कारण कायदा आहे आणि तो लोकांना ऐकून माहीत आहे. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा २०१३ च्या दुरुस्तीनं भारतीय दंड विधानात आला, कलम ३५४ ड. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केला तर पाच. घाणेरडे शब्द, हावभाव यांना कलम ७९. फोन ११२ ला लागतो. कोल्हापूर परिक्षेत्रात, म्हणजे सातारा-सांगलीसकट, २०१६ पासून निर्भया पथकं फिरू लागली. मग अडतं कुठं?

अडतं घरात. त्यासाठी पटकथेत एकच वाक्य पुरतं, आणि ते बापाच्या तोंडी रागानं घालू नका. चुलीपुढं बसलेल्या आजीच्या तोंडी मायेनं घाला. मुलगी काहीतरी सांगायला तोंड उघडते, अर्धं सांगते. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, “मग उद्यापास्नं नगं जाऊस, पोरी.”

माझ्या मते आख्ख्या चित्रपटातला सगळ्यात भीतिदायक क्षण हाच. तक्रार केली की मुलगा जामिनावर सुटेल, आणि हिचं कॉलेज बंद होईल, पास कपाटात पडेल, पाहुणे बघायला येतील. ती गप्प बसते ती पोलिसांच्या भीतीनं नव्हे. असल्या गोष्टीत भूत लागतं ते यासाठी. घरी न कळता दाद मिळण्याची सोय बाकी कुणाकडंच नसते.

या भागात सूडाच्या गोष्टीला आणखी एक अडचण आहे, आणि तिला इतिहास आहे. १९४२ नंतर जुन्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. आजच्या सांगलीचा बराचसा भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. कुंडल हे त्या चळवळीचं मोठं केंद्र. गावोगाव न्यायदान मंडळं बसली, तुफान सेना उभी राहिली. दरोडेखोर, गावगुंड, बायकांवर हात टाकणारे यांना तिथं शिक्षा होई आणि ती तळपायांवर होई. ‘पत्री सरकार’ हे नाव लोकांनी त्यावरूनच चिकटवलं. आमच्या भागातले म्हातारे ‘पत्री ठोकली’ हे शब्द आजही चवीनं उच्चारतात.

तेव्हा इथल्या प्रेक्षकाला कोर्टाबाहेरच्या शिक्षेचं वेगळं बाळकडू पाजावं लागत नाही. भुतानं पोराला उसात ओढून बडवला की शिट्ट्या पडतील, आणि शिट्टी पडली की भीती संपली. मारधाडीच्या चित्रपटात आपण मारणाऱ्याच्या बाजूला बसतो. भयपटात मार खाणाऱ्याच्या. सूडाच्या भयपटाची खरी गोम इथं आहे. शेवटच्या चार मिनिटांत प्रेक्षकाला त्या मुलाच्या अंगात शिरवावं लागतं, ज्याचा पहिल्या चार मिनिटांत त्याला राग आलेला असतो. त्याची कीव वाटायला नको. पण त्याच्या मानेवरचे केस ताठ झाले तर आपलेही व्हायला हवेत.

‘स्त्री’ (२०१८) या अमर कौशिक यांच्या हिंदी चित्रपटानं ही अदलाबदल विनोदातून साधली. तिथं गावातले पुरुष एकमेकांना बजावतात की रात्री एकट्यानं बाहेर पडू नका. अना लिली अमिरपूर यांच्या ‘अ गर्ल वॉक्स होम अलोन ॲट नाइट’मध्ये (२०१४) चादोर पांघरलेली मुलगी रात्रीच्या रस्त्यावर पुरुषांच्या मागं जाते, नाव ऐकून आपण तिच्यासाठी घाबरतो आणि पुढं उलगडतं की रक्तपिपासू तीच आहे. आणि विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) तर आपल्याच उसात घडतो. त्यात भीतीचं कारण म्हणून जे समोर येतं तेच शेवटी अन्यायाचा बळी ठरतं. तिघांची पद्धत वेगळी, पण तिघंही अर्ध्यावर बाजू पालटतात.

आपण बाजू पालटणार वाटेच्या मदतीनं. पहिल्या भागात मुलगी फाट्यावरून वाडीला चालते तेव्हा वाटेवरच्या सहा खुणा ठळक दाखवून ठेवायच्या : टपरी, वाकलेला विजेचा खांब, शेंदूर लावलेला म्हसोबा, पाटाची मोरी, मोटारीची खोली, आणि वाडीचा पहिला दिवा. प्रत्येक खुणेपाशी तिची एक बारीक हालचाल. टपरीपाशी ती ओढणी सावरत नाही, ते फार झालं आता. मोबाईल कानाला लावते, पलीकडं कुणी नसताना “हां आई, आलेच” म्हणते. मोरीपाशी पिशवी रस्त्याच्या बाजूच्या खांद्यावरून उसाच्या बाजूला घेते. मोटारीच्या खोलीपाशी पाऊल वाढवते, पण पळत नाही. पळाली तर घाबरली हे त्याला कळेल. वाडीचा दिवा दिसला की श्वास सोडते. बायकांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. पुरुषांना यातलं काहीच दिसणार नाही, आणि आत्ता ते न दिसणंच हवंय.

दुसऱ्या भागात याच खुणा मुलाला लागतात. टपरी, खांब, म्हसोबा, मोरी, खोली, आणि वाडीच्या दिव्याऐवजी पुन्हा टपरी. फेऱ्या तीनच. पहिलीत तो बघतो, दुसरीत चमकतो, तिसरीत त्याला कळतं. पहिली चाळीस सेकंदांची असेल तर दुसरी पंचविसाची, तिसरी बाराची. फेरी लांबली की बघणारा शहाणा होतो. तिसऱ्या फेरीत पेट्रोल संपतं आणि तो पायी येतो. मोरीपाशी तो नकळत मोबाईल कानाला लावतो.

आता आवाज, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण भयपटाची निम्म्याहून जास्त कमाई कानातून होते. सांगलीला हे नव्यानं सांगायला नको. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केलं. त्या परंपरेच्या नाटकांत राक्षस यायचे ते राळेचा भडका उडवीत, ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकत. समया-दिवट्यांच्या उजेडात बसलेल्या प्रेक्षकाला राक्षस दिसण्याआधी ऐकू यायचा. हा क्रम आजही बदललेला नाही. आधी कान, मग डोळा.

दुसरा धडा १९४२ चा, हॉलिवूडचा. जाक तुर्नर यांच्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री बागेच्या भिंतीकडेनं चालली आहे. मागं दुसऱ्या बाईची पावलं वाजतायत. ती पावलं अचानक थांबतात. पहिली बाई वळून बघते, कुणी नाही. ती भराभर चालू लागते, आपण श्वास धरलेला, आणि पडद्याच्या कडेनं फिस्कारल्यासारखा आवाज करत काहीतरी घुसतं. ती सिटी बस असते. निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या नावानं या युक्तीला पुढं ‘ल्यूटन बस’ म्हणू लागले. गंमत अशी की आपल्या गोष्टीत बस आयती आहे. यस्टीच्या एअरब्रेकचा तो ‘फुस्स’ सातारा-सांगलीतल्या माणसाच्या हाडात मुरलेला आहे, आणि एरवी तो सुटकेचा आवाज असतो : गाडी आली. तोच चुकीच्या वेळी ऐकवायचा.

ल्यूटन बसमध्ये दचकवणाऱ्या आवाजापेक्षा त्याच्या आधीची शांतता महत्त्वाची असते. उसाकाठी रात्री शांतता नसतेच, रातकिडे असतात. कुणी जवळ आलं की जवळचे किडे गप्प होतात. तेव्हा ‘कोणीतरी आलंय’ हे दाखवायला वेगळं संगीत नको. किड्यांचा आवाज एका कानातून काढून घ्या. त्यासाठी चित्रीकरण संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेचा नुसता आवाज दहा मिनिटं टिपून ठेवायचा. पाचटावर पाऊल पडल्याचा आवाज वेगळा, हिरव्या पानांतून माणूस सरकल्याचा वेगळा, तोही टिपायचा. नवशिके हे टाळतात आणि मग इंटरनेटवरून घुबड उतरवून घेतात.

आणि गाडी. पाठलागाची गाडी फटफटत येते असं सगळे धरून चालतात. त्याहून वाईट गाडी असते ती इंजिन बंद करून उतारावर सोडलेली. आवाज फक्त चेनचा : टिक टिक टिक टिक. मुलीच्या भागात तो आवाज दोनदा ऐकवा, चेहरा न दाखवता. मुलाच्या तिसऱ्या फेरीत तो पायी आहे, त्याची गाडी मागं कुठंतरी आडवी पडलीय, आणि त्याच्या पाठीमागं टिक टिक टिक टिक. एवढंच आपलं भूत. ते पडद्यावर कधीच येत नाही.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. लांबून, झूम करून घेतलं की मागची वस्तू पुढच्याला चिकटल्यासारखी दिसते. मुलीचा भाग तसा घ्या, पन्नास फुटांवरची गाडी तिच्या पाठीला टेकेल. मुलाचा भाग जवळून, रुंद भिंगानं. रस्ता अंगावर ताणला जाईल आणि त्याच्या मागं भरपूर मोकळी जागा उरेल, जिच्यात काहीही नाही. रात्र मात्र रात्री चित्रित करू नका. मोबाईलला काळोखात नुसती वाळू दिसते. सूर्य बुडाल्यावरची वीस-पंचवीस मिनिटांची कातरवेळ हीच पडद्यावरची रात्र. तीन फेऱ्या त्याच संध्याकाळी क्रमानं घेतल्या तर अंधार आपोआप, फुकट, वाढत जातो. टपरीच्या ट्यूबलाइटखाली शटर एक पन्नासांश सेकंदाला बांधून ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, आणि शटर जुळलं नाही तर चित्रावर पट्टे सरकतात.

जागेची एक खास भानगड. ऊस हा सेट तुमच्या मालकीचा नाही. हंगाम सुरू झाला, टोळी आली, की आज डोक्यावर गेलेला फड परवा मोकळं रान असतो. अर्धं चित्रण झालेलं आणि भिंतीच गेल्या, असं व्हायला नको. मालकाला तोडीची तारीख विचारून मगच दिवस ठरवा. कराड-शिराळा पट्ट्यात उसात बिबट्या असतो, त्याला ही गोष्ट कितीही आवडली तरी आत घुसून चित्रण करू नये, कडेला राहावं. याच मोहातला दुसरा भाग हरिपूरची पेवं. सांगलीजवळ हळद साठवायची ही जमिनीतली कोठारं : वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, खाली खोली. २००५ च्या महापुरानं त्यांचं मोठं नुकसान केलं. दिसायला भयपटाची तयार जागा, पण बंद पेवातली हवा खरंच जीव घेते. हे भूत पडद्याबाहेरच बरं.

माणसांच्या बाबतीत तीन गोष्टी ठरवून घ्याव्या लागतात. कॅमेरा मुलीच्या अंगावरून फिरायला लागला की तुमचा कॅमेराच टपरीवरचा तिसरा पोरगा झाला. तिचे हात, पिशवी, चप्पल, मान, एवढ्यावर काम भागतं. छेडणारा पोरगा केस रंगवलेला, फाटका, गावाच्या विशिष्ट टोकाचा दाखवायची खोड सोडा. तो कारखान्याच्या चेअरमनचा पुतण्याही असतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, आणि गणपतीत मंडपापुढं पहिला नाचतो. तिसरं अगदी व्यवहाराचं : ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला आधी कळवा, टपरीवाल्यालाही सांगा. नाहीतर तुमचा नट संध्याकाळी मुलीच्या आडवी गाडी घालेल, शेतातून पाणी पाजून येणारी चार माणसं ते बघतील, आणि कॅमेरा शोधायला कुणी थांबणार नाही. पत्री सरकारचा भाग आहे हा.

शेवटचा प्रसंग असा लिहिता येईल. मुलगा धावत फाट्यावर येतो. फुस्स. यस्टी. तो आत चढतो, घामानं निथळलेला. कंडक्टर मान वर न करता विचारतो, “कुठं?” तो वाडीचं नाव सांगतो. तिकीट फाटतं. गाडी चालते, थांबते, दार उघडतं. खाली टपरी, पुढं वाकलेला खांब. मागं कंडक्टरची घंटा.

जोडणी झाली की चित्रपट गावातल्याच वीसेक माणसांना दाखवा, निम्म्या बायका, निम्मे पुरुष. सभागृहात दाखवायचा तर प्रमाणपत्राची भानगड आहे, समाजमंदिरात ओळखीच्यांपुढं नाही. तुम्ही पडद्याकडं पाठ करून प्रेक्षकांकडं तोंड करून बसा, हातात घड्याळ आणि कागद. कुठल्या सेकंदाला कोण खुर्चीत सरळ झालं ते लिहा. बायका पहिल्या मिनिटातच सरळ होतील, बहुधा त्या रिकाम्या फोनपाशी. पुरुष कधी होतात ते बघायचं. सहाव्या मिनिटाला, चेनपाशी झाले तर हात लावू नका. टपरी तिसऱ्यांदा आली तरी मागं रेलून बसले असतील, तर दुसऱ्या फेरीतून सात सेकंद काढा आणि पुन्हा दाखवा.